पोटातल्याचा हिस्सा

त्या डॉक्टरला आमचं गाव फार आवडलं होतं. जीपमधून उतरल्या उतरल्या त्यानं शाळेपुढच्या पटांगणात पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या डाव्या बरगडीखाली बोटं खुपसून पाहू लागला. रांग अर्धीही झाली नव्हती तोच त्याचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, पोरं निरोगी निघाली. मी मूर्ख. जवळजवळ प्रत्येक पोराची पानथरी वाढलेली होती, म्हणजे प्रत्येकाच्या अंगात हिवताप मुरलेला होता, आणि तो नेमकं असंच गाव शोधत हिंडत होता. "सुंदर," तो म्हणाला. "अगदी हवं तसं." स्थळ पाहायला आलेल्या वरबापानंही मुलीकडे इतक्या समाधानानं पाहिलेलं मला आठवत नाही.

मी त्या गावातली मास्तरीण. वर्ध्याकडची, नव्यानं लागलेली, जिभेला हाड नसलेली. त्या जिभेमुळेच माझी बदली तिकडे झाली, असं घरचे म्हणायचे. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. पोंभुर्ण्याच्या अलीकडे रस्ता सोडून जंगलात शिरलं की हे गाव लागायचं: वर मालगुजारी तलाव, खाली धानाच्या बांध्या, मध्ये मासोळी धरणाऱ्या ढिवरांची समोरासमोर दोन ओळींची वस्ती. नाल्यापलीकडे गोंडांचा टोला होता. तिथेही ताप होताच, पण नाल्यातून जीप जात नव्हती, त्यामुळे विज्ञानही अलीकडच्या काठावरच थांबलं. त्या टोल्याचं नशीब चांगलं म्हणायचं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

ढिवरांच्या ओळीत एका म्हातारीच्या पडवीत मी राहत होते. म्हातारी म्हणजे काय प्रकरण होतं! माझ्या चुलीत तिच्या वाटणीचं लाकूड गेलं तर लगेच तिच्या नाकाला कळायचं. शेजारणीशी भांडण, देवाशी भांडण, आणि दोघं दमले की सुनेशी. पण त्या वर्षी ती सुनेशी भांडत नव्हती. सून पोटुशी होती. आधीची दोन्ही तिच्या पोटातच गेली होती. दोन्ही वेळा पावसाळ्याच्या शेवटी हिव भरलं, अंग तापलं आणि सगळं वाहून गेलं. हे तिसरं. म्हातारी सुनेला पाण्याची घागर उचलू देत नव्हती, स्वतः उचलायची आणि कुरकुरत मला ऐकवायची, "माह्या कंबरेचं कोनाले काही पडलं नाई जी." सून पदराआड हसायची. त्या मुलीला हसू फार लवकर यायचं.

डॉक्टर आला तो श्रावण होता. शाळेतच सभा झाली. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संशोधन संस्थेतला माणूस. पांढरी शुभ्र पँट, आणि चिखलाच्या गावात ती पांढरी ठेवण्याची जिद्द. तो म्हणाला, तुमच्यासाठी नवी गोळी आणली आहे, आठवड्याला माणशी एक घ्यायची, ताप येणार नाही. बस, एवढंच. लोकांनी हात जोडले. मग त्याच्या शिपायानं चुन्यात बोट बुडवून दारांवर रेघा ओढल्या. एका ओळीतल्या घरांना एक रेघ, समोरच्या ओळीतल्या घरांना दोन. एका रेघेच्या घरांना एका डब्यातल्या गोळ्या, दोन रेघांच्या घरांना दुसऱ्या. प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. लोकांना वाटलं, रेघा म्हणजे सरकारी रंगरंगोटी. म्हातारीच्या दारावर दोन रेघा आल्या, तर तिला जरा ऐटच चढली.

महिन्याच्या गोळ्या घरोघर देऊन डॉक्टर तालुक्याच्या बंगल्यावर परतला. तिथे तो मच्छरदाणीत झोपायचा, पाणी उकळून प्यायचा आणि दर रविवारी चहाबरोबर स्वतः एक गोळी घ्यायचा. ती कोणत्या डब्यातली, हे सांगायला नको.

गोळ्या पोटात जायला लागल्या आणि तिसऱ्याच दिवशी म्हातारी फणफणत आली. "मास्तरीण बाई, ह्या गोळीले चवच नाई जी. समोरच्या वळीतली गोळी कडू जहर हाये, अन् आमची खडूवानी. त्या शिपायानं खऱ्या इकून खाल्ल्या काय तं?" त्या भागात भुईनिंबाचा काढा पिऊन वाढलेली माणसं. कडू नाही ते औषध नाही, हे त्यांच्या जिभेला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. मला शिपायाचाच संशय आला. पुढच्या खेपेला डॉक्टर आला तेव्हा मी त्याला पडवीत बसवलं, चहा दिला आणि शिपायाची तक्रार केली.

तो हसला. शिकलेलं माणूस भेटल्याचा त्याला फारच आनंद झाला. "शिपायाचा दोष नाही हो. तुम्हाला सांगायला हरकत नाही. दोन रेघांच्या घरांना दिली ती नुसती खडूची गोळी. औषध एका रेघेच्या घरांना. मोसम संपला की दोन्हींची तुलना."

"म्हणजे दोन रेघांच्या घरांत ताप येणार?"

"यायलाच हवा. नाहीतर कळणार कसं?"

"ही गोळी चालते हे माहीत नाही का कुणाला?"

"शहरात चालते, फौजेत चालते. या लोकांवर कितपत चालते ते पाहायचंय."

या लोकांवर. जणू या लोकांच्या अंगात रक्ताऐवजी तलावाचं पाणी होतं. मी त्याला सांगितलं, या घरात पोटुशी बाई आहे, तिची दोन गेली आहेत, निदान तिला तरी खरी गोळी द्या. त्यानं कपाळाला आठी पाडली नाही की काही नाही. "हो, मला माहीत आहे ती. फार मोलाची केस आहे," तो म्हणाला. "पण एकीला वेगळं वागवलं की सगळंच बिघडतं." त्यांना हे सांगितलंय का, असं मी विचारलं. "सांगून त्यांना काय कळणार? आणि वाईट हेतूनं थोडंच करतोय कुणी?" मग त्यानं चहाची तारीफ केली. माझ्या आयुष्यात वाया गेलेल्या गोष्टींत तो कपभर दुधाचा चहा मी वरच्या नंबरावर ठेवते.

मला दोन गोष्टींचा राग आला, आणि दुसरी पहिलीपेक्षा क्षुल्लक असूनही ती माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या शाळेला वर्षभर खडू मिळाले नव्हते. मी पोरांना कोळशानं अक्षरं शिकवत होते. आणि इथे माणसांना गिळायला घालायला डबाभर खडू होता! बरं, एवढा शिकलेला माणूस, तर खोटी गोळी निदान कडू तरी करावी. तेही सुचलं नाही. गरिबाला जीभ असते हे त्याच्या अभ्यासात आलंच नव्हतं.

त्याची जीप दिसेनाशी झाली तशी मी अंगणात आले. म्हातारी मासोळी साफ करत होती, सून शेजारी बसली होती. मी सगळं सांगितलं, घडाघडा आणि मोठ्यानं, समोरच्या ओळीलाही ऐकू जाईल असं. सुनेनं नकळत पोटावर हात ठेवला. म्हातारीनं विळी बाजूला सारली आणि तोंड सोडलं. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही. काहींचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मला वाटलं, आता ही माणसं डॉक्टरला हाकलून लावणार. मी तर त्याची तयारीच करून बसले होते. पण झालं ते निराळंच. दुसऱ्या दिवशी जाळं ओढून झाल्यावर दोन्ही ओळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जमल्या, आणि येताना आपापल्या गोळ्या घेऊन आल्या.

इथे त्यांची वाटणीची रीत सांगायला हवी. तलावातली मासोळी गावची. जाळं ओढलं की पाळीवर पळसाची पानं मांडायची आणि एकानं सगळ्या मासोळीचे ढीग लावायचे. ढीग लावणारा पाठ करून बसतो. बाकीचे आपल्याला हवा तो ढीग उचलतात. शेवटी उरेल तो ढीग लावणाऱ्याचा. त्यामुळे कुठला ढीग लहान, कुठला मोठा, असं कधी होत नसे. लहान लावला तर तोच आपल्या पदरात पडणार, हे ठाऊक असायचं. आणि ज्या घरात बाई पोटुशी असेल त्या घराचा एक ढीग जास्त. त्याला म्हणायचे पोटातल्याचा हिस्सा. तो मूल चालू लागेपर्यंत मिळायचा.

गोळ्यांचंही तसंच केलं. खडूच्या गोळ्या तलावात फेकल्या. कडू गोळ्या सुपारीच्या अडकित्त्यानं अर्ध्या केल्या, पानांवर मांडल्या, ढीग लावणारा पाठ करून बसला. भांडण झालं नाही असं कुणी समजू नये. एका रेघेच्या ओळीतला एक जण अडून बसला, "आमच्या वाट्याले आली गोळी, आम्ही काऊन देऊ?" त्याला कुणी ज्ञान पाजलं नाही. जाळ्याच्या मुकादमानं एवढंच विचारलं, "अन् उद्या तुह्या जाळ्यात काही नाई आलं तं?" तो गुरगुरत बसला आणि त्यानं गोळ्या पानावर ठेवल्या. माणशी अर्धी गोळी. म्हातारीच्या सुनेला पोटातल्याचा धरून पूर्ण एक. म्हातारीनं आपलीही अर्धी तिच्याच पानावर टाकली, आणि मी पाहिलं म्हणून माझ्यावरच खेकसली.

पुढे दर महिन्याला असंच चाललं. रीत चांगली होती, पण तिनं अपाय झाला नाही असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला नंतर सांगितलं, अर्ध्या गोळीनं ताप पुरता अडत नाही. मासोळी अर्धी खाल्ली तर अर्धं पोट भरतं. गोळीचं तसं नसतं. हे ढिवरांना कुठून कळावं? सांगणं ज्याचं काम होतं तो बंगल्यावर मच्छरदाणीत होता. भादव्यात दोन्ही ओळी सारख्याच कुडकुडल्या. ज्यांना पूर्ण गोळी मिळायची होती तेही वाकळा घेऊन पडले, ज्यांना काहीच मिळायचं नव्हतं तेही. कुणी दगावलं मात्र नाही. आणि म्हातारीच्या सुनेला तापाची कणकणसुद्धा आली नाही. तिचे गाल भरले. आठव्या महिन्यात ती धानाच्या बांधीवरून डुलत चालायची, आणि म्हातारी मागून ओरडायची, "पाहून चाल ना वं!"

कार्तिकात डॉक्टर शेवटची तपासणी करायला आला. पुन्हा बरगड्या, पुन्हा सुया. दोन ओळींत फरकच सापडेना. आधी तो गोंधळला. एक दिवस तोंड पाडून हिंडला, मला वाटलं, चला, जिरली. दुसऱ्या दिवशी पाहते तर गडी पुन्हा खुललेला! त्याला उत्तर सापडलं होतं. गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच, म्हणजे या जंगली भागातल्या माणसांच्या अंगातच ताप झेलायची ताकद तयार झाली आहे. यांना गोळीची गरजच नाही. आणि पुरावा? दोन रेघांच्या घरातली गरोदर बाई, औषधाचा कणही न घेता सगळ्या गावात ठणठणीत!

त्यानं तिला दारात उभं केलं, चुन्याच्या दोन रेघा दिसतील अशी, आणि तिचा फोटो काढला. "हसू नको, सरळ बघ," तो म्हणाला. असल्या वाक्यावर तिला हसू आवरणं शक्य नव्हतं. दोन्ही हात पोटाखाली धरून ती खुदकन हसली, आणि तेवढ्यात खटका पडला. गावात आलेला तो पहिला कॅमेरा. तिचा तेवढाच फोटो.

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. म्हटलं, अहो, काय लिहायला निघालात? यांनी गोळ्या पाळीवर नेऊन वाटून घेतल्या. हिला सगळ्यांत जास्त मिळाली, म्हणून ही धडधाकट आहे. विचारा कुणालाही. त्यानं कुणालाही विचारलं नाही. उलट तो म्हणाला, "म्हणजे यांनी मला फसवलं?" मला हसावं की रडावं कळेना. खडू चारणारा हा, आणि फसवलं कुणी, तर ढिवरांनी! मग त्यानं सुस्कारा सोडला. "असल्या ऐकीव गोष्टी शास्त्रात धरता येत नाहीत, बाई. ज्या घराला जे दिलं ते त्यानं घेतलं, असंच धरावं लागतं." ऐकीव! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं ऐकीव, आणि यानं मच्छरदाणीतून न पाहिलेलं शास्त्र.

मार्गशीर्षात सुनेला मुलगी झाली. म्हातारीनं देवाशी भांडण मिटवलं, शेजारणीशी मिटवलं, मला माझ्याच चुलीवर गूळ घालून पेज करून दिली. मुलीचे डोळे आईसारखे. सारखी कशाला तरी हसायच्या बेतात. पाळीवर तिच्या नावाचा जास्तीचा ढीग येत राहिला, आणि म्हातारी तो आणताना सगळ्यांना दिसेल असा उंच धरून आणायची. मुलगी रांगायला लागली तेव्हा शाळा भरली की थेट माझ्या फळ्याखाली येऊन बसायची आणि कोळसा खायची.

पुढचा पावसाळा आला. या खेपेला डॉक्टर नव्हता, डबे नव्हते. भादवा लागायच्या आत मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. पूर्वी तिथून थोड्याफार गोळ्या मिळायच्या. कंपाउंडर भला माणूस, त्यानं मान खाली घातली. तुमच्या पट्ट्यासाठी या वर्षी गोळ्याच आलेल्या नाहीत, म्हणाला. मोठ्या लोकांनी तपासून पाहिलंय, तिथल्या लोकांना लागत नाहीत. "त्यांच्या अंगातच ताकद असते म्हणे, बाई." मी त्याच्यावर ओरडले, जे त्याच्यावर ओरडायचं नव्हतं ते सगळं ओरडले. त्यानं स्वतःसाठी ठेवलेल्या चार गोळ्या कागदात बांधून दिल्या. त्या मी आणेपर्यंत मुलीला हिव भरलं होतं. त्यातलं पोटात टिकेल तेवढं टिकलं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

त्या दिवशी जाळं ओढलं होतं. रीतीप्रमाणे तिचा ढीग पानावर होता, कुणाला तो मोडायचा धीर झाला नाही. म्हातारी गेली नाही आणायला. संध्याकाळी मुकादमानं ती मासोळी परत तलावात सोडली.

दिवाळी झाल्यावर डॉक्टर आला. संस्थेतले दोन पाहुणे बरोबर होते. ताप न येणारी माणसं त्यांना दाखवायची होती. हल्ली म्हणे असल्या प्रयोगांसाठी समित्या असतात, शिकलेली माणसं खुर्च्यांवर बसून विचारतात, याला सांगितलंत का, त्याला सांगितलंत का. चांगलं आहे. पाळीवर चिखलात बसणाऱ्या माणसांना जे सुचलं होतं ते खुर्चीवर बसणाऱ्यांना इतक्या वर्षांनी सुचलं. डॉक्टर सरळ म्हातारीच्या अंगणात आला, दारावरच्या पुसट रेघांकडे बोट करून पाहुण्यांना काही सांगितलं, आणि मला विचारलं, "तिचं मूल कुठे आहे? मुलासकट फोटो घ्यायचा होता."

मी काही बोलायच्या आत म्हातारी उठली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "डाक्टर साहेब, एक इचारू का जी? आमच्या इथी जो ढीग लावते तो सबन्याच्या मांगून उचलते. हे दोन ढीग तुमी लावले. त्यातला तुमचा हिस्सा कोनता होता?"

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी भाषांतर करीन म्हणून. भाषांतर कसलं करायचं? मराठीच होती ती. मुलगी तापानं गेली, एवढं मात्र मी सांगितलं. पाहुण्यांतल्या एकानं टोपी काढली. डॉक्टर म्हणाला, "अरेरे. पण तो हिवतापच होता कशावरून?"

तेव्हा सून दारात आली. वर्षभरात अर्धी झाली होती. ती डॉक्टरशी बोललीच नाही, माझ्याशी बोलली. "मास्तरीण बाई, यायले तो फोटू मांगा ना. मांगच्या वर्षीचा. माह्या पोरीचा दुसरा फोटू नाई. ते त्यात हाये ना, पोटात."

मी मागितला. अंगात भरलेला सगळा राग गिळून, हात जोडून मागितला. त्यानं घसा खाकरला. फोटो अहवालात छापून गेलाय, म्हणाला, आता तो संस्थेच्या मालकीचा आहे, बाहेर देता येत नाही. नियम आहे. त्याच्याकडे नियम होता! इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते तो नियम त्याला शेवटी आठवला, तो इथे आठवला.

मग सुनेनं त्याला पहिल्यांदाच विचारलं, "मी हासत होती का जी त्यात?"

तो आठवू लागला. ज्या फोटोवर त्याचं नाव झालं होतं त्यातला चेहरा त्याला आठवेना. "नाही बहुतेक," तो म्हणाला. "मी हसू नको म्हणून सांगितलं होतं."

जीप गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. "हसत होतीस," मी म्हटलं. "पोटाला दोन्ही हात लावून हसत होतीस. मी तिथंच उभी होते."